माळ्यावरच्या कॅसेटी आणि फिल्मची रिळे : डिजिटल करताना काय सांभाळावे?

आपल्या घरांत माळ्यावर, पलंगाच्या पेटीत नाहीतर शोकेसच्या खालच्या खणात दोन-चार व्हिडिओ कॅसेटी हमखास सापडतात. एकीवर 'मंगल परिणय' आणि वधूवरांची नावे, दुसरीवर '१४ एप्रिल', तिसरीवर काहीच नाही. व्हीसीआर कधीच भंगारात गेला, त्यामुळे या कॅसेटींत काय आहे हे घरातल्या तरुण पिढीने पाहिलेलेच नाही. तुळिंज आणि आजूबाजूच्या वस्त्यांत काम करताना अशा कॅसेटी आम्हाला इतक्या घरांत दिसल्या, की त्या वाचवायच्या कशा हे शिकून घेणे आमच्या कामाचाच भाग झाला. त्यातले इतरांच्या उपयोगी पडेल ते इथे मांडत आहोत.

तुळिंज म्हणजे नालासोपारा पूर्व. इथली पुष्कळ बौद्ध कुटुंबे मूळची वरळी, नायगाव, परळ, लालबागच्या चाळींतली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो कधी रीतसर मिटलाच नाही, आणि पुढच्या वर्षांत खोली विकून किंवा भावांत वाटणी करून माणसे विरार लाइनला सरकत आली. त्याच १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला, दिल्लीत एशियाड झाले आणि मग गल्लोगल्ली रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने मिळू लागला. म्हणजे गिरणगाव सुटत होते आणि व्हिडिओ कॅमेरा आपल्या लग्नमांडवात शिरत होता, या दोन गोष्टी एकाच काळात चालू होत्या. आज बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. त्या चाळींचे जिने, गॅलऱ्या, मधल्या मैदानातला मांडव आणि तिथे वावरणारी आपली माणसे हलत्या चित्रांत कुठे असतील, तर बहुधा नालासोपाऱ्यात आलेल्या पत्र्याच्या ट्रंकांमध्येच. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सिनेमे जपते आहे. नायगावच्या लग्नाची कॅसेट तिथे कोणी नेऊन ठेवणार नाही, ती आपल्यालाच जपावी लागेल.

खरी फिल्म, म्हणजे प्रोजेक्टरवर लावायचे रीळ, आपल्या समाजात फार थोड्या घरांत सापडते. कोडॅकने घरगुती वापराची ८ मिलिमीटरची फिल्म १९३२ मध्ये बाजारात आणली, सुपर ८ आली १९६५ मध्ये. पण कॅमेरा घ्या, तीन-चार मिनिटांचे रीळ घ्या, ते धुवायला पाठवा, मग पाहायला प्रोजेक्टर आणि पडदा घ्या, हा खर्च गिरणीच्या पगारात बसणारा नव्हता. आपल्या समाजाच्या वाट्याला फिल्मवरचे जे सर्वात मोलाचे चित्रीकरण आले, तेही एका माणसाच्या पदरमोडीतून आले. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा दादरला निघाली तेव्हा लेखक आणि चित्रपटकर्मी नामदेव व्हटकर यांनी स्वतःच्या खिशाला खार लावून ती कॅमेऱ्यात टिपली. दर ६ डिसेंबरला तो जनसागर आपण मोबाईलवर पाहतो तेव्हा ही गोष्ट सहसा कोणाला ठाऊक नसते.

कॅसेटीत नेमके काय असते

'लग्नाची कॅसेट, त्यात काय पाहायचे?' असे आम्हाला अनेकदा ऐकवले जाते. समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले तर पाहायचे भरपूर असते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर जन्मलेली पहिली पिढी ऐंशी-नव्वदच्या दशकांत लग्नाला उभी राहिली, आणि नेमकी त्यांचीच लग्ने व्हिडिओवर आली. मांडवात पुढे बसलेली म्हातारी माणसे म्हणजे स्वतः दीक्षा घेतलेली पिढी. त्यातले बहुतेक आज कालकथित आहेत. त्यांचे बोलणे, डोक्यावरचा पदर, जयभीम घालण्याची पद्धत, आहेर पुकारणाऱ्याचा आवाज हे फोटोत येत नाही.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. आपण सांगताना म्हणतो की धम्म स्वीकारला आणि जुने सगळे टाकले. कॅसेटीत दिसते ते इतके सरळ नसते. आदल्या रात्री हळद असते, कुठे बाशिंग असते, कुठे गावच्या रीतीतले काही मावशीने हळूच उरकलेले असते. मग सकाळी पांढरी साडी, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार, बौद्धाचार्यांच्या मागून त्रिसरण-पंचशील. बाबासाहेबांनी ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली आणि पुढे तिच्या बौद्धाचार्यांमार्फत हा विधी घराघरांत पोहोचला. तो पोहोचताना प्रत्येक घराने काय धरले आणि काय सोडले, याचा पुरावा या कॅसेटींत आहे. म्हणूनच डिजिटल करायला कॅसेट देताना कोणी म्हणाले, 'तेवढा हळदीचा भाग कापून टाका, लोक काय म्हणतील', तर आम्ही स्पष्ट नकार देतो. दाखवायची प्रत वेगळी काढा, त्यात हवे ते ठेवा. पण पहिली प्रत पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, काहीही न कापता झाली पाहिजे. कोरी वाटणारी टेपसुद्धा शेवटपर्यंत चालवावी. लग्न संपल्यावर उरलेल्या जागेत कोणीतरी मुलाचा पहिला वाढदिवस किंवा विहारातला कार्यक्रम रेकॉर्ड केलेला असतो.

जाता जाता एक निरीक्षण. शूटिंगवाल्याचे पैसे बहुधा वरपक्ष देई, म्हणून वराकडचा प्रत्येक मामा-काका दोनदा दिसतो आणि वधूची आई एकदा, तेही पाठवणीत रडताना. स्वयंपाक करणाऱ्या बाया तर जवळजवळ दिसतच नाहीत. पंगतीच्या मागे क्षणभर कोणी वाढपी बाई आली, तर तिथे थांबून नाव विचारावे.

आवाजाचे काय झाले?

त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटीला 'मिक्सिंग' करण्याची फॅशन होती. बदामाच्या आकारात वधूवर, फिरणारी अक्षरे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिंदी सिनेमाची गाणी. ही गाणी टाकताना मूळ आवाज बहुतेक वेळा पुसला गेला. त्रिसरण म्हणताना ओठ हलतात आणि ऐकू येते भलतेच. अशी कॅसेट कितीही चांगल्या यंत्रावर चालवली तरी गेलेला आवाज परत येणार नाही. पण मिक्सिंग करण्याआधीची कच्ची कॅसेट कधीकधी शिल्लक असते. ती घरात दुसऱ्या डब्यात असेल, नाहीतर ज्याने शूटिंग केले त्याच्याकडे असेल. तेव्हाचे अनेक शूटिंगवाले आज फोटो स्टुडिओ किंवा झेरॉक्सचे दुकान चालवतात. चाळीतल्या जुन्या माणसांना विचारले तर पत्ता लागतो. घरी दोन कॅसेटी असतील तर दिसायला चकचकीत असलेली मागे ठेवा, कच्ची आधी करा.

जयंतीच्या कॅसेटींचे नशीब या बाबतीत बरे. १९९०-९१ हे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी छोट्या मंडळांनीही वर्गणीतून शूटिंग केले. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हाही अनेक वस्त्यांत कॅमेरे बाहेर निघाले. मंडळाकडे मिक्सिंगला पैसे उरत नसत, त्यामुळे भाषणे आणि भीमगीतांचे कार्यक्रम मूळ आवाजासह राहिले. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ मध्ये गेले. वामनदादांनी तर आयुष्य गावोगाव गाण्यात घालवले. त्यांचा एखादा कार्यक्रम कोणा माजी अध्यक्षाच्या माळ्यावर पडून असणे अजिबात अशक्य नाही. मंडळांच्या जुन्या पदाधिकाऱ्यांनी या दृष्टीने एकदा आपली कपाटे तपासावीत, अशी विनंती आहे.

रीळ असेल तर

रीळ सापडले तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अॅसिटेटचा पाया कुजायला लागला आहे. अशी फिल्म आक्रसते, वाकते, आणि हा वास देणारी वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते. म्हणून ते रीळ वेगळे ठेवा आणि त्याचा नंबर आधी लावा. जुना प्रोजेक्टर मिळाला म्हणून हौसेने लावून पाहू नका. आक्रसलेल्या फिल्मची भोके प्रोजेक्टरच्या दात्यांत नीट बसत नाहीत आणि एका फेरीत फाटतात.

भोकांवरून फिल्मचा प्रकार ओळखता येतो. जुन्या ८ मिलिमीटरच्या फिल्मची भोके मोठी आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर असतात. सुपर ८ ची भोके बारीक, चित्राच्या मध्याशी असतात. पट्टी दुप्पट रुंद असेल तर ती १६ मिलिमीटरची. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : फिल्म एकेक चित्र करून स्कॅन करता, की भिंतीवर पाडून कॅमेऱ्याने शूट करता? दुसरे उत्तर आले तर रीळ परत घेऊन या. घरगुती फिल्म सेकंदाला १६ किंवा १८ चित्रांनी चालते आणि व्हिडिओ २५ ने, त्यामुळे भिंतीवरून शूट केले की चित्र लुकलुकते आणि कडा काळ्या पडतात. स्कॅनिंगचे काम मुंबईत होते. रीळ कुरिअरने पाठवू नये, स्वतः नेऊन द्यावे.

कॅसेट असेल तर

व्हिडिओ कॅसेटीचा शत्रू आपल्या भागातली हवा आहे. खाडी आणि समुद्र जवळ, चार महिने पाऊस, पत्र्याखालचा माळा. २०१८ च्या जुलैत नालासोपारा स्टेशनात रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या होत्या, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आत पाहा. टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा कापसासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. यंत्राच्या हेडला बुरशी लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. ती उन्हातही वाळवायची नाही, उन्हाने प्लास्टिक आणि टेप दोन्ही वाकतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे ठेवावी, म्हणजे ओल सुटते. नंतर जाणकाराकडून टेप साफ करून नव्या कव्हरात चढवून घ्यावी. पुराच्या पाण्यात बुडालेली कॅसेट चिखलासकट वाळू देऊ नये. स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत, वाऱ्यावर सुकवावी.

कॅसेट चांगली असेल तरी दोन गोष्टी आधी करा. पाठीच्या कडेला प्लास्टिकचा छोटा चौकोनी तुकडा असतो, तो मोडून टाका. तो मोडला की चुकून वर दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. (ते भोक चिकटपट्टीने बुजवून लग्नावर क्रिकेटची मॅच घेतलेली घरे तुमच्याही माहितीत असतील.) मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षे पडून राहिलेली टेप एकमेकीला चिकटलेली असते, ती मोकळी होते.

खरी अडचण यंत्राची. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत हे उत्पादन थांबवून मोकळी झाली. त्यामुळे आता जे आहे ते जुनेच : चोरबाजारातले, लॅमिंग्टन रोडचे, किंवा कोणा नातेवाइकाने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले. रबरी पट्टे सैल पडलेले असतात, हेडवर काजळी असते. नव्वदच्या दशकात काम केलेला टीव्ही मेकॅनिक गाठा, हेड त्यालाच साफ करू द्या. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून पाहा, ती खाल्ली नाही तर मग लग्नाची घाला. कॅसेट बनवणारे गेले, यंत्र बनवणारे गेले, आता ती दुरुस्त करणारे हातही साठी ओलांडत आहेत. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या भोकातून चित्र, पांढऱ्या-लालमधून आवाज निघतो. या वायरी यूएसबी कॅप्चर डिव्हाइसला आणि ते कॉम्प्युटरला जोडायचे. रेकॉर्ड करायला ओबीएससारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चित्रे, हे आपल्याकडच्या पाल पद्धतीचे माप. तीन तासांच्या कॅसेटीला तीनच तास लागतात, घाई चालत नाही. कानाला हेडफोन लावून कोणीतरी समोर बसावे. चित्र फाटायला लागले तर व्हीसीआरचे ट्रॅकिंग फिरवावे. चांगल्या प्रतीची फाइल तासाला साधारण साडेतीन जीबी होते. दुकानदार दोन तासांची कॅसेट सातशे एमबीत बसवून देत असेल, तर त्याने चित्र पिळून काढले आहे असे समजा.

चित्र चौकोनीच राहू द्या. आजच्या टीव्हीवर पूर्ण दिसावे म्हणून ते ताणले की आपली काटक माणसे आडवी पसरतात. आणि 'एआयने फोर के करून देतो' ही नवी जाहिरात जपून घ्या. ते यंत्र धूसर चेहऱ्यात नसलेले डोळे-नाक भरते. आजीचा चेहरा गुळगुळीत होतो, पण तो आजीचा राहत नाही. हौस असेल तर अशी प्रत वेगळी करा, मूळ फाइलला हात लावू नका.

'आम्ही मागेच सीडी करून घेतली' हे उत्तर फार ऐकू येते. त्या काळच्या व्हीसीडीत चित्राचे माप ३५२ गुणिले २८८ असे, म्हणजे ठिपके जवळपास एक चतुर्थांश. सीडीलाही बुरशी लागते, तिचा वरचा थर सुटतो. कॅसेट अजून घरात असेल तर काम कॅसेटीवरूनच नव्याने करा. कॅसेट टाकून दिली असेल तर मात्र सीडी आजच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. २००० नंतरच्या लग्नांच्या छोट्या मिनी-डीव्ही टेप निघाल्या तर त्यांना पिवळ्या वायरीने जोडू नका. त्या मुळातच डिजिटल असतात. फायरवायर जोडणीतून तासाला सुमारे १३ जीबी अशी तंतोतंत प्रत निघते.

फाइल झाल्यावर

फाइलचे नाव 'नवीन व्हिडिओ २' असे राहिले तर ती सापडणार नाही. नावात वर्ष, ठिकाण आणि प्रसंग असावा : '१९९३-मे-नायगाव-मंगल परिणय'. कॅसेटीच्या कव्हरवरचा मजकूर, स्टुडिओचा शिक्का यांचा फोटो काढून सोबत ठेवा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्याआधीच्या कॅसेटींवर 'नालासोपारा, जि. ठाणे' लिहिलेले असते. ते तसेच नोंदवा, पण आजचा जिल्हाही लिहा. एका कॉम्प्युटरवर, एका हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे, अशा तीन प्रती हव्यात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ ही प्रत नव्हे. तिथे तो आकुंचन पावतो. पेनड्राइव्हवरही विसंबू नका.

वर्षावासात विहारात लोक जमतातच. ग्रंथवाचन झाल्यावर एखाद्या रविवारी जुनी कॅसेट मोठ्या पडद्यावर दाखवावी, आणि ज्येष्ठ उपासक-उपासिका 'हा अमक्याचा थोरला', 'ही आमच्या जिन्यावरची' असे सांगू लागले की त्यांचे बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड करून मिनिटासह लिहून काढावे. आम्ही हे करतो तेव्हा पहिल्या तासात दहा मिनिटांची कॅसेटही पुढे सरकत नाही, पण माहिती मिळते ती पोथीत नसते.

दाखवण्याआधी मात्र घरच्यांना विचारलेच पाहिजे. लग्न मोडलेले असते, त्यातली मुलगी दुसऱ्या घरी नांदत असते, कोणाचा तरुण मुलगा गेलेला असतो. पुण्यानुमोदनाच्या कॅसेटी तर कुटुंबाने स्वतः आणल्याशिवाय लावूच नयेत. नवऱ्या मुलाने होकार दिला म्हणजे बायकोचाही झाला असे धरू नये, तिला वेगळे विचारावे. यूट्यूबवर टाकण्याची घाई नको. मिक्सिंगमधल्या सिनेमाच्या गाण्यांवर कंपन्या हक्क सांगतात आणि आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडतो. शिवाय एकदा सार्वजनिक झालेले चित्र मागे घेता येत नाही. जयंतीची मिरवणूक, सभा, गाण्याचा कार्यक्रम यांचे वेगळे, तिथे मंडळाने ठराव करून टाकायला हरकत नाही.

आणि डिजिटल झाले म्हणून कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका. उद्या याहून चांगले यंत्र मिळू शकते. टेप पूर्ण मागे फिरवून कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, माळ्यावर नको आणि जमिनीलगतही नको, स्पीकर-लोहचुंबकापासून लांब. डब्यात सिलिका जेल टाका, पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उघडून पाहा.